मर्यादेतला धूर

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, वर्धा नदीच्या काठाने कोळशाचा जो पट्टा गेला आहे त्यात. माती काळी आणि खोल. कापूस, तूर, अलीकडे सोयाबीन. मी दहावीपर्यंत शिकलो, मग बापाने हाती डवरा दिला, तेव्हापासून शेतीच केली. गावाच्या उगवतीला, आमच्या वावराच्या धुऱ्यावरून हाक मारली तर गेटवरच्या चौकीदाराला ऐकू जाईल इतक्या जवळ, स्पंज आयर्नचा कारखाना आहे. लोखंडाचा दगड आणि कोळसा एका लांब, फिरत्या भट्टीत तापवून त्यातून कच्चं लोखंड काढतात. कारखान्याचं नाव लिहीत नाही. असे कारखाने या पट्ट्यात एक नाही, आणि मला सांगायचं आहे ते नावाबद्दल नाही, आकड्याबद्दल आहे.

पावसाळ्यात आमच्याकडे वारा मावळतीचा. धूर निघाला तरी पलीकडच्या गावांकडे जातो, आणि पाऊस झाडाची पानं धुऊन काढतो. दिवाळीच्या मागेपुढे वारा फिरतो, उगवतीकडून यायला लागतो, आणि कारखाना आमच्या अंगणात येतो. नेमकी तेव्हाच पऱ्हाटी फुटलेली असते. पहिल्या वेच्याला आम्ही सीतादही करतो. दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, तोच दहीभात वावरात शिंपायचा, मग बाया कमरेला ओटी बांधून तासातासाने शिरतात. रात्री दव पडतं. उघड्या बोंडावर दव आणि दवावर काळी भुकटी. ऊन तापलं की दव उडून जातं, भुकटी राहते. ज्वारीचं कणीस झटकता येतं, तुरीची शेंग सोलली की आतला दाणा स्वच्छ निघतो. कापसाला ना झटकता येत, ना धुता येत.

बाजारात व्यापारी बंडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालतो, मूठ बाहेर काढतो आणि कापसाकडे पाहायच्या आधी स्वतःचा तळवा पाहतो. "कंपनीकडचा माल दिसते, भाऊ." झालं. क्विंटलमागे दोन-अडीचशे रुपये कमी. कापसाच्या धाग्याची लांबी तीच, सरकी तीच, ओल नाही, कचरा नाही. रंगाने मार खाल्ला. नुकसानभरपाई मागायला गेलो तर विचारतात, कीड कोणती पडली? बोंडअळीचा पंचनामा होतो, गारपिटीचा होतो. काळ्या भुकटीचा रकानाच फॉर्मवर नाही.

घरातलं सांगायचं तर घरच्या बाईला विचारावं. अंगणात सडा टाकला की दुपारपर्यंत त्यावर काजळीची साय धरते. पापड, सरगुंडे वाळत घालायचे तर वरून लुगडं ताणावं लागतं, आणि संध्याकाळी ते लुगडं झटकलं की शेजारीण भांडायला येते. नातू अंगणभर खेळून आला की त्याचे तळपाय पाहून माझी बायको म्हणते, "आला माह्या कोळसेवाला." पोळ्याच्या दिवशी बैल नाल्यावर नेले की पहिल्या पाण्याला काळा ओघळ निघतो. माझी जोडी खिल्लारी नाही, साधी गावरान, पण पांढरी आहे. पोळ्याला चार तास तरी ती पांढरी दिसावी म्हणून मी अर्धी साबणाची वडी घालवतो.

बायकोला खोकला लागला त्याला आता सहावं वर्ष. जिल्ह्याच्या ठिकाणी एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पहिला प्रश्न केला, चुलीवर स्वयंपाक करता का? ती म्हणाली, "नाई जी, गॅस हाये." बिडी? तंबाखूची मशेरी? नाही. मग त्यांनी गावाचं नाव विचारलं, नाव ऐकून मान हलवली आणि पंप लिहून दिला. कागदावर गावाचं नाव आहे, कारण मात्र लिहिलेलं नाही.

मर्यादा हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला ग्रामसभेत. कारखान्याचे एक साहेब आले होते. माणूस सभ्य, आवाज न चढवणारा. ते म्हणाले, "आमचं उत्सर्जन विहित मर्यादेत आहे." मागे बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "म्हंजे धूर हाये का नाई हाये?" सगळे हसले, साहेबही हसले. पण माझ्या डोक्यात तो प्रश्न राहिला. शेतकऱ्याला मर्यादा माहीत असते. फवारणीच्या औषधाच्या डबीवर लिहिलेलं असतं, पंपाला इतके मिली, त्याच्यावर गेलात तर पान जळेल. त्या आकड्याच्या मागे जळलेलं पान आहे. यांच्या आकड्याच्या मागे काय आहे ते मला पाहायचं होतं.

गावच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी आहेत. त्यांना घेऊन दहा रुपयांचा तिकीट लावून माहितीच्या अधिकारात अर्ज केला. उत्तर आलं ते इंग्रजीत, आकडे आणि सह्या. गुरुजींनी चार संध्याकाळी घालवून मला ते समजावलं, आणि मी त्यांना पुन्हा समजावलं, तेव्हा कुठे दोघांना समजलं.

प्रकार असा आहे. मर्यादा एक नाही, दोन आहेत. एक धुराड्याच्या तोंडाची, एक आपल्या नाकाची. कोळशावर चालणाऱ्या स्पंज आयर्नच्या भट्टीला २००८ साली केंद्र सरकारने ठरवून दिलं की धुराड्यातून निघणाऱ्या दर घनमीटर वायूत धुळीचे कण १०० मिलिग्रॅमच्या वर नकोत, आणि धुराडं निदान ३० मीटर उंच हवं. नाकाची मर्यादा नोव्हेंबर २००९ ची. तीत १० मायक्रॉनपेक्षा बारीक कण दर घनमीटर हवेत चोवीस तासांच्या सरासरीने १०० मायक्रोग्रॅमच्या वर नकोत, वर्षाच्या सरासरीने ६० च्या वर नकोत. त्याहून बारीक, अडीच मायक्रॉनचे, जे थेट रक्तापर्यंत जातात म्हणतात, ते वर्षाला ४० च्या आत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली तोच आकडा ५ सांगितला आहे. म्हणजे त्यांच्या आणि आपल्या मर्यादेत आठपट अंतर. आपली फुफ्फुसं आठपट दणकट आहेत असं कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही.

एक गोष्ट मात्र त्या २००९ च्या कागदात मला पटली. त्याआधी १९९४ च्या यादीत कारखान्याच्या भागाला वेगळी मर्यादा होती आणि वस्तीला वेगळी. हवेतली एकूण धूळ वर्षाच्या सरासरीने वस्तीत १४० पर्यंत चालायची, औद्योगिक भागात ३६० पर्यंत. जणू एमआयडीसीची पाटी ओलांडली की माणसाची छाती बदलते. २००९ मध्ये हा भेद काढून टाकला. कारखान्याचा भाग, वस्ती, खेडं, सगळ्यांना एकच आकडा.

धुराड्याच्या तोंडाशी १०० मिलिग्रॅम आणि अंगणात १०० मायक्रोग्रॅम. दोन्हीकडे शंभर दिसलं म्हणून मी खूश झालो होतो. गुरुजींनी फळ्यावर लिहावं तसं माझ्या पाटीवर लिहिलं: एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. म्हणजे धुराड्यातून मर्यादेत राहून जो धूर निघतो तो आमच्या अंगणातल्या मर्यादेच्या हजारपट दाट असतो. हे हजारपटीचं पातळ करण्याचं काम कुणाचं? वाऱ्याचं. कारखान्याने आपलं काम केलं, राहिलेलं वाऱ्याने करायचं असा हिशेब आहे.

आता वारा हा आमच्या ओळखीचा आहे. उन्हाळ्यात दुपारी जमीन तापते, हवा वर चढते, धूर वर जातो आणि पसरतो. पण पौषातली पहाट आठवा. रात्रभर जमीन गार होते, जमिनीला लागलेली हवा तिच्यासोबत गार होते आणि जड होऊन बसून राहते. वर उबदार हवेचं झाकण. कोणत्याही खेड्यात हिवाळ्याच्या संध्याकाळी चुलीचा धूर पाहा. कवेलूतून निघतो, माणसाच्या दोन डोक्यांइतका वर जातो आणि तिथून आडवा होऊन गल्लीभर पसरतो. चुलीच्या धुराचं हे, तर भट्टीच्या धुराचं काय? ज्या पहाटे वारा नसतो त्या पहाटे हजारपटीचं काम कोण करतं, हे मी पुढे एका साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "ते मॉडेलमध्ये धरलेलं असतं." असेल. आमच्या गल्लीत मात्र धरलेलं नसतं.

दुसरी गोष्ट सरासरीची. शहरातल्या वाचकाला कदाचित हे नवीन वाटेल, शेतकऱ्याला नाही. आमचा सरासरीशी जुना संसार आहे. अतिवृष्टी ठरते ती महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर, चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर. मापक मंडळाच्या गावी. इकडे आमच्या नाल्याला दोन तासांत असा पाऊस झाला की तुरीच्या ओळी वाहून गेल्या, तिकडे मापकात चाळीस. नोंद चाळीस. आणि वर्षाच्या शेवटी पेपरात येतं की जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस. महिनाभर खंड पडला, पऱ्हाटी सुकली, मग एका रात्रीत सगळं कोसळलं, तरी सरासरी बरोबर. धुराचंही तेच. दिवसभर निळं आकाश, रात्री बारा ते चार काळा लोंढा. चोवीस तासांत वाटून टाकला की दोन्ही मिळून मर्यादेत. नियमात असंही आहे की वर्षात शंभरातले दोन वेळा मर्यादा ओलांडली तरी चालतं, लागोपाठ दोन दिवस मात्र ओलांडू नये. दम्याच्या माणसाला चोवीस तासांचा श्वास सरासरीने घेता आला असता तर माझी काही तक्रार नव्हती.

आणि मर्यादांच्या तारखाही सरकतात. आमच्या चंद्रपूरचं नाव २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने काढलेल्या देशातल्या प्रदूषित औद्योगिक भागांच्या यादीत चौथं होतं, ८३.८८ गुण. शाळेत इतके गुण मिळाले असते तर बापाने पेढे वाटले असते. पुढे ७ डिसेंबर २०१५ ला देशभरच्या औष्णिक वीज केंद्रांसाठी नव्या कडक मर्यादा निघाल्या, दोन वर्षांत पाळायच्या. मग मुदत २०२२ पर्यंत गेली, मग आणखी पुढे, मग २०२४ च्या डिसेंबरात आणखी तीन वर्षं, आणि २०२५ च्या जुलैत देशातल्या बहुतेक केंद्रांना, धुराडं ठरल्याइतकं उंच असेल तर, गंधकाच्या धुराच्या मर्यादेतून सूटच मिळाली. सोसायटीचा गटसचिव ३१ मार्चला दारात उभा राहतो, त्याला मी हे एकदा वाचून दाखवलं. तो म्हणाला, "काका, तुमचं कर्ज औष्णिक नाई ना."

असो. माझी खरी अडचण यापुढची आहे.

माझा धाकटा मुलगा त्याच कारखान्यात आहे. कायम नाही, ठेकेदाराकडे. सहा एकरांत दोन भावांचं भागत नाही, हे मला कुणी सांगायला नको. त्याच्या पगारातून घराची स्लॅब पडली, त्याच्या आईचा पंप येतो. म्हणून कारखाना बंद करा असं मी कधी म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. गावातले दोन-चार जण म्हणतात, त्यांची पोरं तिथे नाहीत.

एका रात्री मुलगा दुसऱ्या पाळीहून आला. मी अंगणात बाजेवर जागा होतो. कारखान्याकडून गडगडाट झाला होता आणि मग काळा लोट आमच्याकडे येत होता. मी विचारलं, "काय रे बाबू, हे मर्यादेतलं हाये का?"

तो हातपाय धूत होता. म्हणाला, "बाबा, ते चिमणीतलं नाई. कॅप उघडली."

मग त्याने समजावलं. फिरत्या भट्टीतून जो गॅस निघतो तो एका कोठीत जाळतात, मग धूळ पकडायच्या यंत्रातून नेतात आणि मग उंच चिमणीतून सोडतात. त्या यंत्रात तारा आणि पत्रे असतात, जबर व्होल्टेजची वीज सोडलेली. धुळीचा कण विजेने भारला जातो आणि पत्र्याला चिकटतो, वरून हातोडे बसतात आणि धूळ खाली पडते. पण त्या कोठीच्या डोक्यावर एक दुसरं धुराडं आहे, झाकणाचं. लाइट गेली, दाब वाढला, तर झाकण उघडायचं, नाहीतर भट्टीला धोका. ते झाकण उघडलं की गॅस ना यंत्रातून जातो ना चिमणीतून. सरळ आकाशात.

"लाइट तं गेली नाई आज," मी म्हणालो.

तो गप्प बसला. मग म्हणाला, "तुमी कुठं बोलू नका."

२००८ च्या त्याच कागदात हेही लिहिलेलं आहे, हे मला नंतर गुरुजींनी दाखवलं. कोठीवरचं ते संकटकाळचं धुराडं बंद ठेवायचं, यंत्र टाळून न गाळलेला धूर सोडायला ते वापरायचं नाही. नियम लिहिणाऱ्याला माहीत होतं म्हणून तर त्याने लिहिलं. म्हणजे आमच्या अंगणात येतो तो धूर मर्यादेच्या वर की खाली हा प्रश्नच नव्हता. मर्यादा मोजतात ती एका धुराड्यात आणि धूर येतो दुसऱ्यातून.

पण हे मी बोलणार कसं? गेटच्या आतली गोष्ट बाहेर कुणी सांगितली हे शोधायला त्यांना अर्धा दिवस पुरला असता. म्हणून मी वही घातली. दुकानातली शंभर पानी, पोरांची असते तशी. म्हाताऱ्याला झोप कमीच. रात्री लोट दिसला की तारीख, किती वाजता सुरू, किती वाजता बंद, वारा कुठून, दव होतं का, आणि धूर उंच चिमणीतून की ठेंगण्या धुराड्यातून. हे शेवटचं माझ्या धुऱ्यावरून उघड्या डोळ्यांनी दिसतं. त्याला आतल्या माणसाची गरज नाही. जिथे खात्री नाही तिथे "दिसलं नाही" असं लिहिलं.

दुसऱ्या हिवाळ्यानंतर कारखान्याने विस्तार मागितला. एक भट्टी वाढवायची होती. अशा वेळी २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी घ्यावी लागते, तीस दिवस आधी जाहीर करून, आणि अहवालाचा मराठी सारांश लोकांना पाहायला ठेवून. मी सारांश पूर्ण वाचला, बायकोने दोनदा जेवायला हाक मारली तरी उठलो नाही. गावातली हवा मोजली होती, पण मार्च ते मे. नियमाला पावसाळा सोडून एक हंगाम चालतो. उन्हाळ्यात वारा आमच्याकडून त्यांच्याकडे वाहतो आणि वावरात बोंड काय, पऱ्हाटीचं खोडही नसतं.

सुनावणीला मोठा मांडव होता, पंखे, पाण्याच्या बाटल्या. पुढच्या ओळींत पिवळ्या टोप्या घातलेली पोरं बसवली होती. त्यांत माझा नव्हता. त्याची त्या दिवशी पाळी होती, हे देवाचं बरं. अध्यक्षस्थानी जिल्ह्याचे मोठे अधिकारी. बरेच जण बोलले. कुणाला नोकरी हवी, कुणाला रस्ता, एकाने मंदिराला सभामंडप मागितला. एक तरुण ओरडला, "कंपनी पाहिजेच!" आणि टाळ्या पडल्या. त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्याकडे तीन एकर आहेत आणि दोन बहिणी लग्नाच्या.

माझं नाव पुकारलं तेव्हा मी माईक हातात घेतला नाही, सवय नाही, वही दोन्ही हातांत धरायची होती. एका पोराने माईक धरला. मी म्हणालो, "साहेब, मी विरोध करायले नाई आलो. मले तीन गोष्टी इचारायच्या हायेत. हवा उन्हाळ्यात काहून मोजली? आमचा कापूस हिवाळ्यात फुटते, वाराही तेव्हाच इकडं येते. दुसरं, दिवसाची अन् रातची मोजणी अलग अलग लिहून द्या, सरासरी नको. आन तिसरं, या कारखान्याले धुराडी किती हायेत?"

अहवाल करणाऱ्या कंपनीचे एक तरुण साहेब उठले. म्हणाले, "मुख्य चिमणी एक."

"आन दुसरं ठेंगणं दिसते ते?"

"ते फक्त आणीबाणीसाठी."

"बरं जी. मंग आणीबाणी कवा कवा आली ते मी लिहून ठेवलं हाये." आणि मी वाचायला लागलो. तारीख, वेळ, वारा. तारीख, वेळ, वारा. पहिल्या पानावर कुणी हसलं. तिसऱ्या पानापर्यंत मांडवात पंख्यांचाच आवाज होता. चौथ्या पानाला अधिकारी म्हणाले, "आजोबा, प्रत द्या, कार्यवृत्तात जोडतो." मी म्हणालो, झेरॉक्स करून आणली आहे. ती त्यांनी घेतली, मागच्या माणसाकडे दिली, त्याने त्यावर शिक्का मारला. पुढचं नाव पुकारलं.

आठ दिवसांत मुलाला भट्टीवरून काढून कोळशाच्या यार्डात टाकलं. ठेकेदाराचा सुपरवायझर त्याला म्हणाला, "तुझे बाबा लय लिहितात म्हणे." एवढंच. यार्डात धूळ भट्टीपेक्षा जास्त. तो घरी आला की त्याच्या डोळ्यांच्या पापण्या तेवढ्या ओल्या दिसायच्या, बाकी सगळा एकरंगी.

त्या महिन्यात आमच्यात बोलणं कमी झालं. एक दिवस जेवताना तोच म्हणाला, "बाबा, लिहा तुमी. पण माही नाइट असते त्या आठवड्यात लिहू नका. त्यायले वाटते मी फोन करून सांगतो."

त्याच्या आईने माझ्याकडे पाहिलं. भाकरी हातातच राहिली तिच्या.

मी दोन दिवस विचार केला आणि त्याला वावरात नेऊन सांगितलं, जिथे कुणी ऐकत नाही. म्हटलं, तुझी नाइट असते ते आठवडे मी सोडले तर वहीत तेवढ्याच आठवड्यांची भोकं पडतील. मग हजेरीचा कागद आणि माझी वही शेजारी ठेवली की आंधळ्यालाही कळेल. सगळ्या रात्री लिहिल्या तर ती वही कुणाचीच नाही, फक्त रात्रींची आहे. तो बराच वेळ धुऱ्यावर बसून राहिला. मग म्हणाला, "बरं." उठला आणि जाताना तुरीच्या शेंगा तोडून खिशात घालून गेला, लहानपणी घालायचा तसा.

सुनावणीनंतर ग्रामपंचायतीच्या छतावर हवा मोजायचं यंत्र आलं. चोवीस तास ठेवलं. तो दिवस श्रावणातला होता, मावळतीचा वारा आणि दुपारपासून भुरभुर. अहवाल आला, मर्यादेत. मी पुन्हा अर्ज दिला की पौषात लावा. पुढे विस्ताराला परवानगी मिळाली, अटी घालून. झाडं लावा, धूर सतत मोजणारं यंत्र चिमणीत बसवा, आकडे लोकांना दिसतील असे गेटवर लावा. अट चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. गेटवर काळा फलक लागला, त्यावर लाल आकडे, रात्री लांबून दिसतात.

गेल्या मार्गशीर्षात एका रात्री दोनच्या सुमाराला ठेंगण्या धुराड्यातून लोट सुरू झाला. वारा नव्हता. मी घोंगडी घेतली, वही घेतली आणि धुऱ्याधुऱ्याने गेटवर गेलो. फलकावरचा आकडा शंभराच्या बराच खाली होता. दोन आकड्यांतच फिरत होता. खोटा नव्हता तो. उंच चिमणीत बसवलेल्या यंत्राला जे दिसलं ते त्याने सांगितलं. धूर त्याच्या शेजारून जात होता.

चौकीदार बाजूच्या गावचाच पोरगा. शेकोटीजवळ मला बसायला दगड दिला. फलकाकडे आणि मग वर पाहून म्हणाला, "काका, आकडा तं बराबर हाये."

"आकडा बराबर हाये," मी म्हटलं, आणि वहीत दोन्ही लिहिलं, फलकावरचा आकडा आणि धूर कुठून ते. त्याने मोबाइलचा उजेड धरला.

यंदा वही तिसरी चालू आहे. नव्या अर्जाला तिसऱ्या वहीतली मार्गशीर्ष आणि पौषाची पानं जोडली आहेत, वर लिहिलं आहे की यंत्र उगवतीच्या वाऱ्यात लावावं, निदान आठ रात्री, आणि ठेंगण्या धुराड्याच्या झाकणालाही एक मोजणी बसवावी, किती वेळा उघडलं आणि किती वेळ, एवढंच. त्याला फार खर्च नाही असं मुलगाच म्हणतो; साधा स्विच लागतो. अर्जाची पोच माझ्याकडे आहे. या आठवड्यात दुसरा वेचा सुरू होतो. बायांना सांगून ठेवलं आहे की दव उडाल्याशिवाय कुणी पऱ्हाटीला हात लावू नका, ओल्या हाताने भुकटी आणखी आत जाते.